तीन मिलिमीटरचा दिवा

छोट्या मोटारी जमवणाऱ्याच्या हातात नवी गाडी ठेवा. तो ती आधी तोंडाकडून बघतो. चाकं, रंग, दारांच्या फटी, नंबरप्लेट यांची पाळी नंतर येते. समोरचे दोन दिवे जमले नसतील, तर बाकीचं काम कितीही सफाईचं असो, गाडी खेळण्यातलीच वाटते. दिवे फसण्याचे प्रकारही ठरलेले आहेत. सगळ्यात स्वस्त गाडीवर दिवा म्हणजे छापलेलं पांढरं-करडं चित्र. त्याच्या वरच्या पायरीवर धातूच्या फुगवट्याला फासलेला चंदेरी रंग. आणि महागाच्या मॉडेलवर, जिथे खरोखरचं पारदर्शक भिंग बसवलेलं असतं, तिथे त्या भिंगाच्या मधोमध एक काळपट ठिपका. कारखान्यात भिंग पटकन बसावं म्हणून त्याच्या पाठीला एक दांडी ठेवतात आणि ती गाडीच्या अंगातल्या भोकात खोचतात. समोरून बघणाऱ्याला तीच दांडी मोठी होऊन दिसते, मेलेल्या माशाच्या बुबुळासारखी.

नवखा माणूस इथे चकतो. त्याला वाटतं, आपल्याला आणखी स्वच्छ, आणखी चकचकीत प्लास्टिक मिळालं की काम झालं. या छंदात मुरलेली मंडळी भिंगाची फारशी फिकीर करत नाहीत. त्यांचा सगळा जीव भिंगामागच्या रिकाम्या जागेत गुंतलेला असतो. मलाही हा दिवा पटतो तो तिथेच.

आधी गणित. अँबॅसेडर, महिंद्राची जीप, बुलेट मोटरसायकल, सगळ्यांचा गोल हेडलाइट सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरचा. १:१८ मापाच्या मॉडेलमध्ये तो जवळपास १० मिलिमीटर होतो, १:२४ मध्ये ७.४, १:४३ मध्ये ४.१ आणि मुठीत मावणाऱ्या १:६४ च्या गाडीत २.८. एवढी लहान गोल चकती कापणं काही कठीण नाही. कठीण आहे ती जाडी. खऱ्या दिव्याची काच तीन मिलिमीटर धरली, तर १:६४ मध्ये ती ०.०५ मिलिमीटर भरते, वहीच्या कागदापेक्षाही पातळ. शिवाय गाडी लहान केली म्हणून उजेडाचे नियम लहान होत नाहीत. ॲक्रिलिकचा वक्रीभवनांक मोठ्या गाडीच्या दिव्यात १.४९ असतो आणि आपल्या टेबलावरही १.४९ च. म्हणून एक मिलिमीटर जाडीचा फुगीर ठोकळा दिव्यात बसवला की तो दिव्याची काच न राहता जवाहिऱ्याचं भिंग होतो आणि मागचं सगळं वेडंवाकडं, फुगवून दाखवतो.

१:४३ हा आकडा इतका विचित्र का, असं नवे लोक हमखास विचारतात. त्याचं उत्तर लिव्हरपूलला आहे. बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीच्या हॉर्नबी आगगाड्या ओ गेजच्या होत्या. त्यात खऱ्या एका फुटाला मॉडेलचे सात मिलिमीटर धरत. भागाकार केला की साडेत्रेचाळीस येतात. त्याच आगगाड्यांच्या शेजारी उभ्या करायला १९३४ च्या सुमारास डिंकी टॉइजच्या मोटारी निघाल्या आणि ते माप चिकटलं ते आजतागायत. डिंकीच्या सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे म्हणजे ओतकामातलाच उंचवटा आणि त्यावर चंदेरी रंगाचा एक ठिपका. खिडक्यांना काचाही नसत. १९५६ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीहून कॉर्गी टॉइज बाजारात आली ती ‘खिडक्यावाल्या गाड्या’ अशी जाहिरात करतच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्गीने आणखी एक खेळी केली आणि दिव्यांच्या जागी पैलूदार खडे बसवले. त्यांच्या बेंटले कॉन्टिनेंटलच्या तोंडावर ते अजून लुकलुकताना दिसतात. दुसरी युक्ती त्याहून हुशारीची होती. टॉब्लरोन चॉकलेटची जाहिरात मिरवणाऱ्या त्यांच्या फोक्सवॅगन व्हॅनच्या छतावर पडलेला उजेड आतल्या पारदर्शक प्लास्टिकमधून वाहत थेट हेडलाइटपर्यंत यायचा. बॅटरी नाही, बल्ब नाही, आणि तरी गाडीचे दिवे लागल्यासारखे वाटायचे. पुढे आलेल्या कितीतरी गाड्यांना एवढंही जमलं नाही.

आपल्याकडे या इतिहासाचा एक धागा कोलकात्यात सापडतो. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एस. कुमार अँड कंपनीने डिंकीचे जुने साचे आणून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या काढल्या. आज संग्राहक त्या शोधत फिरतात. दिवे मात्र त्यांचेही चंदेरी रंगाचेच. १९६८ मध्ये आलेल्या हॉट व्हील्सचा भर वेगावर आणि रंगावर होता, दिव्यांकडे कोण बघणार? १:६४ मध्ये प्रत्येक दिव्याला वेगळं भिंग हे खूळ रुजलं ते मुख्यतः जपान्यांमुळे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘टोमिका लिमिटेड व्हिंटेज’ मालिकेतली एखादी गाडी भिंगाखाली धरून बघा. अडीच मिलिमीटरच्या दिव्यात वाटी, काच आणि कडं असे तीन वेगळे भाग दिसतात.

खरा दिवा कसा असतो, ते एकदा नीट बघायला हवं. जुन्या पद्धतीच्या दिव्यात मागे चांदीसारखी लखलखीत वाटी, तिच्या पोटात बल्ब, आणि समोर रेघा पाडलेली काच. या रेघा शोभेच्या नसत. उभ्या नळीदार रेघा झोत आडवा पसरवतात, आणि मधले चौकोनी तुकडे तो खाली रस्त्यावर वळवतात. रेघा काचेच्या आतल्या अंगाला असतात. बाहेरचं अंग गुळगुळीत, म्हणजे धूळ-चिखल साचत नाही. मॉडेलवर बाहेरून रेघा कोरणारे इथेच फसतात. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून सात इंची ‘सील्ड बीम’ सक्तीचा झाला. वाटी, तार, काच सगळं एकत्र बंद केलेला दिवा. त्यामुळे तेव्हापासून १९५६ पर्यंतच्या अमेरिकन गाड्यांसाठी दिव्याचा एकच साचा पुरतो, कॅडिलॅक असो की शेवरोले. नंतर लहान चार दिवे आले, १९७५ पासून चौकोनी आले, आणि गाडीच्या अंगाला मिळून येणाऱ्या आकाराचा दिवा तिथे पहिल्यांदा मिळाला तो १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला. फ्रान्सची तऱ्हा वेगळी. तिथे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळे असत. म्हणून साठच्या दशकातल्या पॅरिसच्या सिट्रोएनला पांढरे दिवे लावले की जाणकार मान हलवतो. नव्वदनंतरच्या गाड्यांत रेघा काचेवरून उतरून मागच्या वाटीत गेल्या आणि समोर साधं पॉलिकार्बोनेटचं आवरण उरलं. म्हणजे मॉडेल करताना जुन्या गाडीची काच अवघड, नव्या गाडीची वाटी अवघड.

आता पोकळीचं प्रकरण. प्रकाश हवेतून प्लास्टिकवर पडला की समोरून साधारण ४ टक्के परत फिरतो. प्लास्टिकमधून पुन्हा हवेत शिरताना तितकाच. खऱ्या दिव्यात त्यामुळे तीन चमका दिसतात: काचेच्या बाहेरच्या अंगाची एक, आतल्या अंगाची एक, आणि मागच्या वाटीची भली मोठी. गाडी हातात थोडी फिरवली की तिन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकतात, आणि आपला डोळा त्या सरकण्यावरूनच खोली ओळखतो. वाटीत रेझिन काठोकाठ भरलं की आतल्या अंगाची चमक गायब होते, वाटी आणि भिंग एकजीव होतात आणि उरतो एक चकचकीत फुगवटा. कितीही पॉलिश करा, तो दिवा वाटत नाही.

म्हणून काम वाटीपासून सुरू करायचं. गाडीच्या बुडाचे रिबीट ड्रिलने उडवून ती उघडायची. धातू झामॅक असतो, जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम घातलेला, आणि तो हाताने फिरवायच्या बारीक ड्रिललाही वाट देतो. आधी लहान भोक, मग मापाचं. दिव्याची जागा पोकळ झाली की तिथे वाटी बसवायची. क्रोमच्या रंगाचे पेन मिळतात आणि त्यांची चमक खरंच आरशासारखी असते; पण त्यावर बोट लागलं किंवा वरून काही फासलं की ती मंदावते. माझा कल दुसरीकडे आहे. भरतकामाच्या सामानात चंदेरी टिकल्या मिळतात, त्यांत चपट्या नव्हे तर वाटीसारख्या खोलगट. तीन, चार, पाच मिलिमीटरच्या. मधोमध दोऱ्यासाठी भोक. चार मिलिमीटरची खोलगट टिकली म्हणजे १:४३ च्या सात इंची दिव्याची तयार वाटी, आणि दोऱ्याचं भोक म्हणजे बल्बची जागा. त्यातून पारदर्शक प्लास्टिकचा एक बारीक तंतू मागून घुसवला की बल्बही झाला. मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, अशा ठिकाणी हा माल मिळतो. दुकानदाराचा प्रश्न ठरलेला असतो.

“ब्लाउजला की ओढणीला?”

“गाडीला.”

“रिक्षाला लावता काय, दादा?”

“नाही हो काका, एवढीशी गाडी. दोनच टिकल्या लागतील.”

“दोन नाही देता येत. पाकीटच घ्यावं लागेल.”

पाकिटात इतक्या टिकल्या निघतात की सगळ्या मुंबईच्या टॅक्स्यांना पुराव्यात.

वाटी बसली की भिंग. इथे बहुतेक लोक अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन वापरतात. नखं रंगवायच्या दुकानात जो निळसर-जांभळा दिवा मिळतो, तोच चालतो. जुना पर्याय म्हणजे दोन नळ्यांचा पाच मिनिटांत आवळणारा इपॉक्सी. तो सोपा, पण वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो, आणि फ्रेंच गाडी नसेल तर ते परवडणारं नाही. फेविक्विकच्या जातीचा गोंद तर पारदर्शक भागाजवळ आणूच नये. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने आसपास घट्ट होऊन बसते आणि प्लास्टिकवर पांढरी साय धरते.

रेझिनचा थेंब थेट वाटीत टाकायचा नाही, हे आता सांगायला नको. ओएचपीची पारदर्शक शीट आठवते ना, प्राध्यापक मंडळी प्रोजेक्टरवर ठेवायची ती? साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची. चामड्याला भोकं पाडायच्या पंचने तिच्यातून हव्या त्या व्यासाची चकती पाडायची. चकती दुहेरी टेपच्या तुकड्यावर आडवी ठेवायची आणि दातकोरणीच्या टोकाने मधोमध रेझिनचा इवलासा थेंब सोडायचा. थेंब पसरत पसरत चकतीच्या धारेपर्यंत जातो आणि तिथे थबकतो. धार जितकी स्वच्छ, तितका तो नीट थांबतो. कडेला कुस निघाली असेल तर तिथूनच ओघळतो. आणखी अर्धा थेंब घातला की तो खाली न सांडता वर फुगतो. सुईच्या टोकाने बुडबुडे टिपून घ्यायचे, मग दिव्याखाली धरायचं. रेझिन घट्ट आहे असं वाटलं, तर बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी. पातळ रेझिनमधून बुडबुडे लवकर वर येतात.

घुमट इतका सुबक कसा होतो? मापामुळे. अशा रेझिनच्या बाबतीत साधारण पावणेदोन-दोन मिलिमीटरच्या आतल्या अंतरावर पृष्ठताण गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो. १:६४ च्या दिव्याची त्रिज्या १.४ मिलिमीटर, म्हणजे तिथे थेंब आपला आपण गोल घुमट धरतो. १:१८ ला त्रिज्या पाच मिलिमीटर होते, वजन जिंकतं आणि थेंब मध्यभागी सपाट, कडेला गोल असा चपटा बसतो. म्हणून लहान गाडीचा दिवा मोठ्या गाडीच्या दिव्यापेक्षा सोपा. मोठ्या मापाला थेंबाची पद्धत सोडून शीट गरम करून ठशावर दाबायची. तेवढीही खटपट नको असेल, तर औषधाच्या गोळ्यांची संपलेली पाकिटं चाळावी. पारदर्शक पाकिटावरचा गोळीचा फुगा पातळ, गोल आणि आयता घडवलेला असतो. १:१८ आणि १:२४ साठी त्याच्यासारखा माल विकत घेऊनही मिळत नाही.

घट्ट झालेल्या भिंगावर बोट टेकवलं तर ते किंचित चिकट लागतं. रेझिन बिघडलं असं समजून लोक बाटली बदलतात. खरं कारण हवा. हवेतला ऑक्सिजन सगळ्यात वरच्या थराला घट्ट होऊ देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापडाने तो थर पुसला की खालचं अंग टणक निघतं. घासायची वेळ आलीच तर पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, १००० पासून २००० पर्यंत चढत, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. हातमोजे मात्र घालाच. घट्ट न झालेलं रेझिन कातडीला वारंवार लागलं की काहींना कायमची ॲलर्जी जडते. नेल जेलमुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणारे लोक आहेत, ते याच रसायनांच्या कुळामुळे.

आता रेघा. याची एक युक्ती मला फार आवडते. डोकं इकडेतिकडे केलं की गणपतीच्या जागी शंकर दिसतात, तसली चित्रं देवळांबाहेरच्या दुकानांत असतात. त्या चित्राच्या प्लास्टिकवर हात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने खरखरीत. त्यावर उभ्या नळीदार रेघा असतात, एकेक साधारण पाव ते एकतृतीयांश मिलिमीटर रुंद. चार मिलिमीटरच्या दिव्यात अशा बारा ते सोळा रेघा बसतात आणि जुन्या हेडलाइटच्या काचेवरची दाटी जवळपास तशीच दिसते. त्या चित्रावर दोन भागांची सिलिकॉनची पुट्टी दाबून ठसा घ्यायचा. ठशावर रेझिनचा पातळसा थर, त्यावर ओएचपीची चकती, वरून हलका दाब आणि दिवा. रेझिन सिलिकॉनला चिकटत नाही, चकतीला चिकटतं. चकती सोलून काढली की तिच्या पाठीवर रेघा उठलेल्या असतात, आणि मग पालथी करून पुढच्या अंगाला घुमटाचा थेंब द्यायचा. आत रेघा, बाहेर गुळगुळीत, अगदी खऱ्यासारखं.

भिंग वाटीवर टेकवायला पांढरा फेविकॉल. काठावर, अगदी कमी, टाचणीच्या टोकाने. वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर पाण्याने निघतो. कड्यासाठी ड्रिलच्या दांड्यावर बारीक चंदेरी तारेचा एक वेढा घ्यायचा, कापायचा, बसवायचा. आणि दांडीवाल्या महागड्या मॉडेलवरचा उपाय तर यापुढे किरकोळच: दांडी कापून टाका, पाठ घासून पॉलिश करा, भिंग काठावर चिकटवा. बुबुळ गेलं.

मागच्या दिव्यांवर फार वेळ घालवायची गरज नाही. लाल रंग न लावता पारदर्शक लाल लावायचा, तामियाचा एक्स-२७, आणि तोही चंदेरी अस्तरावर. साइड इंडिकेटरला एक्स-२६ नारिंगी. एक पातळ हात, वाळू द्यायचं, दुसरा पातळ हात. बारीक पार्किंग दिव्यांसाठी प्रकाश वाहून नेणाऱ्या ॲक्रिलिकच्या तंतूचं टोक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या नुसतं जवळ न्यायचं, टेकवायचं नाही. टोक वितळून छत्रीसारखं फुलतं आणि आपोआप भिंग होतं. १:८७ सारख्या मापात, म्हणजे पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातल्या एचओ गाड्यांच्या मापात, सात इंची हेडलाइट दोन मिलिमीटरचा होतो. तिथे तर तंतूचा हा मार्गच सगळ्यात सोयीचा.

एलईडी लावू का, असं विचारणारे बरेच भेटतात. ०४०२ मापाचा एलईडी एक बाय अर्धा मिलिमीटरचा असतो, बसतो सहज. पण मी त्याच्या बाजूचा नाही. दिवा पेटला की समोरच्याला फक्त झगमगाट दिसतो. वाटी, रेघा, पोकळी सगळं त्यात बुडून जातं. त्यावर जुन्या अँबॅसेडरच्या तोंडातून निळसर पांढरा उजेड बाहेर पडला की जीव कासावीस होतो. लावायचाच असेल तर पिवळसर झाकेचा लावा आणि गाडीच्या आतून काळा रंग द्या, नाहीतर बॉनेटच्या फटीतून उजेड गळतो.

मुंबईकरांना ज्या गाडीचं मॉडेल हवं असतं ती मात्र बहुधा एकच: काळी-पिवळी पद्मिनी. मुळात ही इटलीची फियाट ११०० डी. कुर्ल्यातल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिचं मॉडेल करणारे संदर्भ म्हणून इटलीतल्या ११०० डीचे फोटो समोर ठेवतात. रंग, क्रोमपट्ट्या, आकार यांना ते पुरतात. काचेला पुरत नाहीत. इटलीत वाहनं उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे डाव्या. असममित झोताच्या दिव्यात खालचा झोत आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर चढवलेला असतो, म्हणून तिथल्या आणि इथल्या काचेवरची नक्षी आरशातल्यासारखी उलटी. १:६४ मध्ये हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. १:१८ मध्ये येतं.

संदर्भ हवा तो इथल्या रस्त्यावर धावलेल्या काचेचा, आणि त्या काचा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या सामानाच्या ढिगातून झपाट्याने संपत चालल्या आहेत. तुमच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये, काकांच्या जुन्या पेटीत फियाट किंवा अँबॅसेडरच्या हेडलाइटची काच पडली असेल, तर भंगारात देण्याआधी तिचा फोटो काढा. मागे काळा कागद, उजेड एका बाजूने, शेजारी पट्टी. काचेवर बनवणाऱ्याचं नाव असेल तर ते लिहून घ्या, उभ्या रेघा मोजा, आणि नक्षी कुठल्या बाजूला वर चढते ते टिपून ठेवा. काच फुटलेली असली तरी चालेल.